धोंड्याच्या ताटातलं मीठ

पुष्पावतीबाईंचा माणसांवर विश्वास नव्हताच, पण जनावरांवरही नव्हता. म्हैस मुद्दाम पान्हा चोरते, गिरणीवाला मूठभर पीठ मागे ठेवतो, एसटीचा ड्रायव्हर आपल्यालाच बघून गाडी थांब्याच्या पुढे नेतो, अशी त्यांची पक्की समजूत. शेवगावजवळच्या त्यांच्या वस्तीवर लोक म्हणत, बाईंच्या दारातून वाराही झडती देऊन जातो. म्हणत आणि हसत, पण जरा जपून हसत, कारण बाई अशा कशामुळे झाल्या हे सगळ्यांना माहीत होतं.

त्यांचा थोरला मुलगा गोरक्ष. शेवगावच्या जिममध्ये घाम गाळून गाळून 'जिल्हा श्री' झाला. गावाने त्याला उघड्या जीपमधून मिरवलं, गुलालाने बाईंचं लुगडं आठवडाभर लाल राहिलं. त्यानंतर चौथ्या महिन्यात तो विहिरीवर मोटार चालू करायला गेला, छातीला हात लावून मोटारीच्या पेटीशेजारी बसला आणि उठलाच नाही. वय एकोणतीस. डॉक्टर म्हणाले, हृदय दमलं होतं. चारचौघांना उचलून फेकेल असा पोरगा, आणि त्याचं हृदय दमतं कसं, हे बाईंच्या डोक्यात कधीच शिरलं नाही.

मग हळूहळू त्यांच्या कानावर सुयांचं आलं. अंग फुगवायच्या सुया असतात, अंगातलं पाणी काढायच्या गोळ्या असतात. झालं, बाईंना हवं ते सापडलं. सुई आपोआप टोचत नाही. म्हणजे कुणीतरी आणली, कुणीतरी टोचली. त्या कुणाचा तरी शोध त्यांनी तेव्हापासून जो घेतला, तो सहा वर्षं झाली तरी संपला नव्हता.

जिमच्या भिंतीवर, आरशांच्या वर, गोरक्षचा हार घातलेला फोटो लागला. दर वर्षी त्याच्या पुण्यतिथीच्या आसपास त्याच्या नावाने शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरू लागली. ज्यापायी पोरगा गेला, तेच त्याच्या नावाने भरवायचं, आणि करंडक द्यायला त्याच्या आईला बोलवायचं. बाई जात. नाही म्हटलं तर पोराचं नाव पुसलं जाईल ही भीती. स्टेजवर रंग फासलेली ती पोरं ओळीने उभी राहिली की बाई एकेकाकडे डोळे बारीक करून बघत. दुसऱ्या वर्षीचा करंडक त्यांनी मोझेस नावाच्या पोराच्या हातात दिला होता. दीड वर्षात मोझेसचा फोटो गोरक्षच्या शेजारी लागला. आता त्याची आई साराबाईही स्पर्धेला येते. दोघी पहिल्या रांगेत शेजारी बसतात, हातात हात घेऊन.

बाईंचा सगळ्यात जुना संशय होता तो रामवर. राम हा गोरक्षचा जोडीदार. दोघं एकत्र व्यायाम करत, एकाच ताटात उकडलेली अंडी खात, एकाच मोटारसायकलवर नगरला जात. येताना हातात काहीतरी पुडकं असे. गोरक्षच्या मातीला सगळ्यात जास्त रडला तोही रामच, आणि बाईंच्या हिशेबी एवढं रडण्याला कारण असणारच. पुढे तोच राम घरी येऊ-जाऊ लागला, कापसाच्या वेचणीला उभा राहू लागला, बाईंचे मालक काकासाहेब यांना दवाखान्यात नेऊ लागला. आणि मग एक दिवस बाईंची धाकटी मुलगी रेश्मा म्हणाली, लग्न करीन तर रामशीच.

काकासाहेब खूश झाले. त्यांना गेलेला मुलगा परत मिळाल्यासारखं झालं. बाईंनी रामला गोरक्षच्या फोटोसमोर उभं केलं.

"स्टेजवर जाणार न्हाई म्हन."

"न्हाई जाणार, मावशी."

"सुईला शिवणार न्हाई म्हन."

"न्हाई शिवणार. गोरक्ष गेला त्याच दिवशी सोडलंय सगळं."

लग्न लागलं. रामचा जावईबापू झाला, 'अरे'चं 'अहो' झालं. संशय मात्र होता तिथेच राहिला. लेक सुखात आहे की दुसऱ्या फोटोच्या तयारीला लागलीय, एवढंच बाईंना कळायला हवं होतं. जावयाला असलं काही तोंडावर विचारता येत नाही, आणि रेश्मा विचारलं की विषय बदलत असे.

यंदाच्या उन्हाळ्यात तर खुणांवर खुणा सापडू लागल्या. राम आठवड्यातून दोनदा नगरला जाई. कशाला, तर म्हणे काम आहे. शेवगावचं ऊन माथं फोडत असताना अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट. चेहरा काळवंडलेला, गाल आत गेलेले. गोरक्षही स्पर्धेआधी असाच सुकत असे. पण खरी ठिणगी पडली ती जेवताना. रामने पापड बाजूला सारला, लोणचं सारलं, आणि तांब्यातलं पाणी छोट्या वाटीत मोजून घेऊन प्यायला. रेश्मा वाढत होती आणि बाई चुलीपाशी बसून हे सगळं टिपत होत्या.

ही खूण त्या मेल्यावरही विसरल्या नसत्या. स्टेजवर जायच्या आधी मीठ बंद, पाणी बंद. कातडी कागदासारखी पातळ व्हायला हवी, तर स्नायूंची एकेक रेघ दिसते. गोरक्ष असाच सुक्या ओठांनी घरभर फिरे. एका वर्षी बाईंना बघवेना, म्हणून त्यांनी त्याच्या भाकरीच्या पिठात गुपचूप मीठ मळलं. पोराचं अंग दुसऱ्या दिवशी पाणी धरून सुजलं, नंबर हुकला, आणि तो आईशी महिनाभर बोलला नाही. पुढच्या वर्षी त्याने स्वतःचं स्वतः शिजवलं, जिल्हा श्री झाला आणि गेला. बाईंच्या मनात याचा अर्थ सरळ होता. मीठ घातलं त्या वर्षी पोरगा जगला होता.

यंदा अधिक महिना आला तो नेमका स्पर्धेच्या दिवसांत. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. जावयाला घरी बोलवायचं, पाय धुवायचे, कपडे करायचे आणि पुरणाचे धोंडे करून पोटभर जेवू घालायचं. स्पर्धा रविवारी होती. बाईंनी जावयाला शुक्रवारी बोलावलं. काकासाहेबांना वाटलं, बाईंचं मन निवळलं. त्यांनी आनंदाने पुरणाला डाळ निवडून दिली.

बाईंचा बेत असा होता. आधी तेल लावून अंघोळ घालायची, म्हणजे शर्ट उतरेल आणि सुयांची भोकं दिसतील. दिसली नाहीत तरी हरकत नव्हती. कटाची आमटी होती, मठ्ठा होता, आणि मीठ स्वतःच्या घरचं होतं. रविवारी जावई स्टेजवर उभा राहिला तरी सुजलेल्या अंगाला नंबर कोण देतंय? एकदा चारचौघांत हसं झालं की पुन्हा जाणार नाही. जावई रागावेल. रागावू दे. गोरक्षही रागावला होता.

शुक्रवारी दोघं आली. राम शर्ट काढायलाच तयार होईना.

"तेल नको, मावशी. सर्दी हाय जरा."

"मे महिन्यात कसली हो सर्दी, जावईबापू?"

"आई, न्हाई म्हनत्यात तर ऱ्हाऊ दे की," रेश्मा मधे पडली, आणि तिने नवऱ्याची डावी बाही हळूच खाली ओढली. बाईंनी ते बघितलं. लेकही सामील आहे तर, त्या मनाशी म्हणाल्या, आणि त्यांना एकाच वेळी राग आला आणि रडूही आलं.

मग परातीत रामचे पाय ठेवून त्या धुवायला बसल्या. घोट्याशी त्यांचं बोट रुतलं आणि तिथे खळगा पडला. तो लगेच भरला नाही. हे काही त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं, सुकवलेल्या अंगाला असे पाय नसतात. पण त्यांच्या मनात निकाल आधीच लागून गेला होता. बाईंनी पाय पुसले, कुंकू लावलं आणि त्या ताट वाढायला उठल्या.

रेश्माला त्यांनी ओटी भरायचं सामान काढायला आत पाठवलं. रामच्या वाटीतल्या आमटीत वेगळं मीठ पडलं, मठ्ठ्यात पडलं, भाताखालीही पडलं. लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाला आपल्या हाताने कधी वाढलं नव्हतं, नेहमी रेश्माच वाढे. आज त्या समोर मांडी घालून बसल्या.

रामने आमटीचा पहिला भुरका घेतला आणि क्षणभर थांबला. मग त्याने बाईंकडे बघितलं.

"कशी झालीय?" बाईंनी विचारलं.

"लई चांगली झालीय, मावशी."

आणि तो जेवू लागला. आमटी संपवली, भात संपवला, धोंडे खाल्ले. बाईंनी मठ्ठ्याचा पेला पुढे केला, तोही प्याला. दुसरा भरला, तोही. रेश्मा आतून बाहेर आली तेव्हा तो रिकामा पेला खाली ठेवत होता. तिचा चेहरा उतरला. "अवो, एवढं कशाला घेतलं," ती म्हणाली, पण रामने तिला डोळ्यांनीच गप्प केलं. बाई मनात म्हणाल्या, घ्या आता, दाखवा रविवारी रेघा. किती तरी दिवसांनी त्यांना हलकं वाटत होतं.

चार वाजता राम पडवीत आडवा झाला. पाचला उठून बसला. आडवं झालं की त्याला श्वास पुरेना. चेहरा फुगला, छातीतून घरघर येऊ लागली. रेश्मा ओरडली नाही, रडली नाही, तिने सरळ शेजारच्या टेम्पोवाल्याला हाक मारली, तिला हे सगळं ओळखीचं असल्यासारखी. नगरच्या दवाखान्यात पोचल्यावर तिथल्या सिस्टरने कागद मागितला नाही, नाव विचारलं नाही. "आज तर तुमचा दिवस नाही," एवढंच म्हणाली आणि त्याला चाकाच्या खुर्चीत बसवून आत घेऊन गेली.

दाराच्या काचेतून बाईंना तो दिसला. शर्टाची डावी बाही वर सरकवलेली, हातावर दोरखंडासारखी फुगलेली शीर, तिच्यात दोन नळ्या, आणि शेजारच्या मशीनमधून फिरणारं त्याचंच रक्त.

"किडन्या गेल्यात त्यांच्या," रेश्मा म्हणाली. "दोन्ही. आठवड्यातनं दोनदा हितं यावं लागतं. मीठ न्हाई, पानी मोजून. तुला सांगू नको म्हनले. एक पोरगं गेलंय, दुसरं जातंय म्हनून रोज झुरंल म्हनले."

बाईंचा हात भिंतीला टेकला. पण जिभेला सवय होती, ती तशीच चालली. "त्याच सुयांनी ना? मग बघ. ह्यानंच गोरक्षला लावल्या असतील."

रेश्माने आईकडे बघितलं. इतकी वर्षं धरून ठेवलेलं तिच्या तोंडातून सुटलं.

"दादानं आनल्या. दादा मोठा, ह्यांचा गुरू. ह्यांना पहिली सुई दादानं टोचली, आपल्या गोठ्यात. मी दारात राखनीला हुते, तू येतीस का बघायला. ह्यांनी कदी कुनाला सांगितलं न्हाई. तू शिव्या दिल्यास, दादाच्या मातीला तोंडावर बोललीस, तरी न्हाई सांगितलं."

बाईंनी हे खोटं ठरवायचा प्रयत्न केला. म्हशीवर संशय घेणाऱ्या बाईला ते जड जायला नको होतं. पण पोरगी रडत होती आणि रडताना ती लहानपणापासून कधी खोटं बोलली नव्हती. गोठ्याच्या दारात उभी राहून "आई, इकडं नको येऊ, म्हैस बिथरलीय" म्हणणारी आठवीतली रेश्माही त्यांना आठवली. सहा वर्षं ज्याला शोधलं तो त्यांच्याच कुशीतून निघाला होता, आणि त्याच्यावर रागवायचं तरी कसं, हे त्यांना समजेना.

मशीन बंद झाल्यावर सिस्टरने एकालाच आत सोडलं. रेश्माने आईला पुढे केलं. राम डोळे मिटून पडला होता. बाई पलंगाशी उभ्या राहिल्या.

"आमटीत मीठ मी घातलं," त्या म्हणाल्या. "तुमी स्टेजवर जाताय असं वाटलं मला."

"म्हाईत हाय. पहिल्याच घासाला कळलं."

"मंग खाल्लं कशाला?"

रामने डोळे उघडले. 

"न्हाई खाल्लं असतं तर तुमाला वाटलं असतं, हा स्टेजवर जातोय. परत सगळं सुरू झालं असतं तुमच्या डोक्यात. म्हनलं, एक दिस तरी मावशी बिनघोर झोपंल."

बाईंनी पलंगाची कड धरली आणि त्या स्टुलावर बसल्या. लग्नानंतर तोंडी बसवलेलं जावईबापू, अहो, तुमी, सगळं त्या क्षणी त्यांच्याकडून सुटलं.

"राम, तहान लागलीय का रे?"

त्याने ओठांवरून जीभ फिरवली आणि मान डोलावली. उशाशी पाण्याची भरलेली बाटली होती. बाईंनी ती हातात घेतली, झाकण उघडलं, आणि मग त्यांना आठवलं की पाणी द्यायचं नाही.