नववी मागणी बारीक टाईपात

"हा निषेधाचा ठराव आहे," गाईड मॅडम म्हणाल्या. "मला पेपर हवाय."

मी रिसोडला घरी, त्या पुण्यात, मध्ये व्हिडिओ कॉल. माझ्या वीस पानांचं पीडीएफ त्यांनी स्क्रीनवर उघडलं होतं आणि पहिल्याच वाक्यावर पिवळा रंग फासला होता. वाक्य असं होतं: या प्राध्यापकांनी सोळाव्या शतकातल्या शेतकरी विधवांचा अपमान केला आहे. अर्थात जर्मनमध्ये. जर्मनमध्ये ते आणखी झोंबतं.

एम.ए. जर्मनच्या शेवटच्या सत्रात प्रत्येकाला एक सेमिनार पेपर लिहावा लागतो. एक प्रश्न घ्यायचा, त्यावर आधी कोणी काय लिहिलंय ते वाचायचं, मग आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडायचं. गाईडची सही नसेल तर पेपर जमा होत नाही आणि वर्ष जातं. वाशिमच्या एका क्लासने मला जर्मन शिकवायला बोलावलं होतं, पण डिग्री हातात असेल तरच. मुदतीला अठरा दिवस उरले होते.

विषय मी निवडलेला. बारावीपासून मी मोर्चे काढणाऱ्या एका संघटनेची पत्रकं लिहिते, त्यामुळे मला पत्रकं कळतात. पाचशे वर्षांपूर्वी जर्मन शेतकऱ्यांनी जमीनदारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांनीही मागण्या छापून वाटल्या. अशा एकपानी पत्रकाला तिकडे फ्लुगब्लाट म्हणतात, म्हणजे उडतं पान. त्यातल्या एकाचा स्कॅन मी घेतला होता. नऊ मागण्या. आठ ठसठशीत अक्षरांत, नववी तळाशी, बारीक टाईपात. ती अशी: शेतकरी मेला की त्याच्या विधवेच्या गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर जमीनदार सोडून नेतो, ते बंद करा.

यावर एका नावाजलेल्या जर्मन प्राध्यापकांनी लिहून ठेवलंय की अक्षर बारीक, म्हणजे शेतकऱ्यांनाच ती मागणी महत्त्वाची वाटत नव्हती. पुढच्या तिघांनी तेच उतरवलं. चौघांनी मिळून त्या बायांचं म्हणणं कोपऱ्यात ढकललं, आणि कोणी ब्र काढला नाही.

मला हे खोटं आहे हे लगेच कळलं. आमच्या पत्रकात शेवटची मागणी नेहमी बारीक असते. मजकूर प्रेसला गेलेला असतो, तेवढ्यात बैठकीत कोणीतरी उठतं आणि म्हणतं, हे घातल्याशिवाय आम्ही येत नाही. एका गावात हातपंपाची मागणी अशीच आली होती. बायांनी ती धरून ठेवली. पान भरलेलं, म्हणून ती तळाशी बारीक गेली, आणि मोर्चाला निम्म्या बाया तिच्यासाठी आल्या.

"हे सोळाव्या शतकात असंच घडलं, हे तुला कसं माहीत?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, कोणत्याही प्रेसवाल्याला विचारा."

"मी नाही विचारणार. पेपर तुझा आहे."

मी ते आव्हान समजले. आमच्यात एखादी गोष्ट सिद्ध करायची तर सह्या गोळा करतात. पुढचे चार दिवस मी रिसोड आणि आमच्याच वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावच्या प्रेस पालथ्या घातल्या. स्कॅन दाखवायचा, मत विचारायचं, लेटरहेडवर लिहून घ्यायचं, सही, शिक्का, पुढची प्रेस. मालेगावच्या एका मालकांनी जर्मनीतल्या मोर्चाची तारीख विचारली. मी त्यांना सगळं समजावलं, तरी त्यांनी शुभेच्छा दिल्याच.

रिसोडच्या बाजारातले सुभाषकाका या सगळ्यांत जुने. त्यांच्या वडिलांच्या काळात प्रेसमध्ये खिळे होते, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, एकेक हाताने जुळवायची. काकांनी दहा वर्षं ते काम केलंय. त्यांनी स्कॅन कॉम्प्युटरवर मोठा करून अर्धा तास पाहिला. मी दोनदा घड्याळ पाहिलं. मग त्यांनी दोन परिच्छेद लिहून दिले. मी शिक्का नीट उमटलाय ना तेवढं पाहिलं आणि निघाले.

सहा पत्रं पेपरला परिशिष्ट म्हणून जोडून पाठवली. मॅडमचा फोन आला.

"ही काय सह्यांची मोहीम आहे? सहा जणांना वाटतं म्हणून इतिहास होत नाही. तुझ्या प्राध्यापकांच्या बाजूने सात सह्या आल्या तर?"

सात येतीलही, हे मला सुचलंच नव्हतं.

"पण हे रिसोडचे गृहस्थ," त्या म्हणाल्या, "यांनी काय लिहिलंय ते तू वाचलंस?"

खरं सांगायला हरकत नाही. वाचलं नव्हतं. सही घेतल्यावर कागद कोण वाचतं?

त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. काकांचं म्हणणं असं: पहिल्या सहा मागण्यांमध्ये मोकळी जागा सोडली आहे, सातवी-आठवी दाटवली आहे, खालची ओळ चौकटीला टेकली आहे. छपाई सुरू झाल्यावर कोणीतरी ओळ घालायला लावली असावी. तसं असेल तर आधी निघालेल्या प्रती वेगळ्या असतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांच्या दुकानात.

"काका, एवढं तुमी मले बोलले काहून नाही?"

"बोलत होतो न पोरी. तवा तुले शिक्का पाह्यजे होता." त्यांनी चहा सांगितला. "आता आयक. पहिले निघालेले कागद कोनी फेकत नाही. वाटून देतात. कुठं ना कुठं असतीनच. आनं वरच्या ओळीतलं एक अक्षर तुटकं हाये, हे पाह्य. त्या दुसऱ्या कागदातही तेच तुटकं असंन, तं समज एकाच जुळनीचं काम हाये."

मी तुटक्या अक्षराचा फोटो काढला आणि कामाला लागले. जर्मन ग्रंथालयांनी जुने कागद स्कॅन करून नेटवर मोफत टाकलेत, पण शोधयादीत हे पत्रक एकाच नावाखाली नव्हतं. नऊ दिवस मी गावांची, छापखान्यांची नावं टाकत बसले. दहाव्या दिवशी एका लहान ग्रंथालयात, धर्मविषयक कागदांच्या गठ्ठ्यात, ते सापडलं. आठ मागण्या. आठही ऐसपैस. आणि पहिल्या ओळीत तेच तुटकं अक्षर.

दोन्ही स्कॅन शेजारीशेजारी लावून मी तीन दिवसांत पेपर नव्याने लिहिला. अपमान वगैरे काढून टाकलं. मॅडमनी एक वाक्य तरीही खोडलं. मी लिहिलं होतं की ही मागणी बायांनी धरून ठेवली.

"हे कुठे दिसतं?"

"दिसत नाही. पण तसंच झालं असणार."

"मग तसं लिहू नकोस. मागणी छपाई सुरू असताना वाढवली, हे दिसतं. कोणी वाढवायला लावली, हे दिसत नाही."

मी अर्धा तास वाद घातला. हरले. वाक्य गेलं. मला आजही वाटतं तसंच झालं असणार, पण त्या पेपरात ते नाही.

मुदतीच्या आदल्या दिवशी सही मिळाली. ग्रेड ए. वाशिमच्या क्लासमध्ये आता माझी दुसरी बॅच सुरू आहे.

मॅडमनी तो पेपर त्या जर्मन प्राध्यापकांना पाठवायला लावला. मी पाठवला आणि त्यांच्या उत्तराला द्यायचं उत्तर आधीच लिहून ठेवलं. चार पानं, मुद्देसूद, कडक. आठवड्याने त्यांचं ईमेल आलं. तीन ओळी. दुसरी प्रत मी पाहिली नव्हती, तुमचं म्हणणं बरोबर आहे, नव्या आवृत्तीत दुरुस्ती करतो, आभार.

माझी चार पानं फुकट गेली. भक्कम पुरावा असला की भांडायला कोणी उरत नाही. हे मी संघटनेच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या निवेदनासाठी सह्यांचा कागद फिरवायला दिला.