सतरा क्रमांकाचा कागद

गल्लीत तिला सगळे ‘डॉक्टरीणबाई’ म्हणत, तेही पदवीचा पत्ता नव्हता तेव्हापासून. शाळेत समुपदेशकाची नोकरी, घरी ती आणि वडील दोघंच. आईला जाऊन अकरा वर्षं झालेली. चाळिशी उलटल्यावर तिने मानसशास्त्रात पीएच.डी.ला नाव घातलं. वहिनी भेटली की चिमटा काढायची, “वन्सं, तुमचा प्रबंध होईतो आमची पोरं पेन्शनीत निघतील.”

विषय होता म्हातारपणची स्मरणशक्ती. धडधाकट अशा चाळीस ज्येष्ठांची चाचणी घ्यायची, वर्षाने पुन्हा तीच घ्यायची आणि फरक मांडायचा. एक माणूस कमी पडत होता, तेव्हा वडील आपणहून पुढे झाले. मार्गदर्शक सरांची एक अट होती. चाचण्या दुसरी विद्यार्थिनी घेणार, उत्तरंही तीच लिहून घेणार. कागदावर फक्त क्रमांक, नावांची यादी सरांच्या कपाटात. घरच्या माणसाला झुकतं माप जाऊ नये, म्हणून तिलाही ती अट पटली होती.

वर्षानंतरचे कागद तिने एका बैठकीत तपासले. सतरा क्रमांकाचा भलताच घसरलेला होता. पंधरा शब्दांपैकी दोन आठवलेले, ऐकलेली गोष्ट मध्येच सुटलेली. असा एखादा निघतोच, म्हणून तिने समासात लिहिलं, ‘लक्ष दिलेले नाही. वगळावा.’

घरी वडील तेच तेच विचारायचे. ती “सांगितलं ना बाबा” म्हणून पुन्हा प्रबंधात डोकं घालायची.

आकडेमोड संपल्यावर, सात महिन्यांनी सरांनी यादी काढली. सतरासमोर वडिलांचं नाव होतं. तिने तो कागद काढून समासातली आपलीच ओळ पुन्हा वाचली. सर हळूच म्हणाले, की नियमाने वगळणं बरोबरच होतं.

दुसऱ्याच दिवशी तिने वडिलांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी औषधं लिहून दिली. ती थोडी आधी सुरू झाली असती तर घसरण जरा सावकाश झाली असती, एवढंच ते म्हणाले.

घरी आल्यावर ती वडिलांच्या पायाशी बसली. काही लपवायचं नाही असं तिने ठरवलं होतं.

“बाबा, तुमचा कागद माझ्या हाताखालून गेला. मला कळायला हवं होतं. मी बाजूला टाकला.”

वडिलांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“होतं गं असं,” ते म्हणाले. “फक्त आईला सांगू नकोस. उगाच जिवाला लावून घेईल ती.”

“नाही सांगत,” ती म्हणाली.