धुतलेलं पोलकं

मी छापचित्रं काढतो, आणि तीही एकाच प्रतीची. काचेवर शाईचा रूळ फिरवायचा, चिंधीनं पुसत पुसत चित्र काढायचं, वर ओलसर कागद ठेवून वाटीच्या बुडानं घासायचं. कागद उचलला की काच जवळपास रिकामी. दुसरी प्रत काढायला गेलं तर नुसती फिकट सावली येते. आमच्या नांदुऱ्यात हे कुणाला पटत नाही. एकच काढायचं तर छापायचं कशाला, असं शेजारी विचारतात. आधी मी समजावून सांगायचो. आता चिडतो, ते सोपं पडतं.

आई गेली त्या वर्षी हातून काही धड होईना. तिचा चेहरा काढायला बसलो की काचेवर भलतीच बाई यायची. ओठ तिचे, नजर परकी. कागदामागून कागद फाडले. मग ठरवलं, चेहरा नको, तिचं कापड घेऊ. शाईच्या काचेवर कापड दाबून उचललं की वीण, शिवण, हुकाची जागा सगळं काचेवर उमटतं आणि तिथून कागदावर येतं.

पण कापड होतं कुठे? तेरवीनंतर तिची लुगडी नात्यातल्या बायांना वाटून टाकली होती. आमच्याकडे रीतच आहे तशी, आणि बाबांनी स्वतःच्या हातानं वाटली होती. एकदा बाबा आत्याकडे धामणगाव बढ्याला गेले, तेव्हा मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं आईचं एक पोलकं निघालं. वाटलं, चुकून राहून गेलं असेल. मला आनंद झाला. हे लिहायलाही लाज वाटते.

काखेत घामाचे डाग होते, मानेशी खोबरेल तेलाचा थर. तेलकट कापडाचा ठसा नीट उठत नाही, हे मला इतकं पाठ आहे की विचारसुद्धा केला नाही. निरमा टाकून गरम पाण्यात भिजवलं, घासलं, दोनदा खळबळून वाळत घातलं. मग छापलं. आजवरचं माझं सगळ्यात चांगलं काम तेच. उसवून पुन्हा हातानं घातलेली टीप, काखेतलं ठिगळ, एका बाजूला ओढलेला खांदा, सगळं आलं. मी स्वतःवरच खूश होतो.

दुसऱ्या दिवशी बाबा परतले. मी कागद पुढे धरला. त्यांनी तिकडे पाहिलंच नाही. दोरीवरचं शाईनं काळं झालेलं पोलकं काढून नाकाशी धरलं.

"धुतलं का तू हे?"

मी हो म्हणालो.

"तिचा वास होता त्याच्यात. म्हणून तं ठेवलं होतं म्या."

एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी माफी मागितली, पण ते वरातीमागून घोडं. त्यांनी पोलक्याची घडी केली, पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली आणि पेटीत ठेवून दिली.

ते चित्र पुढे पुण्यात एका प्रदर्शनात लागलं. एक बाई त्याच्यासमोर डोळे पुसत होत्या. तुमची आई इथेच असल्यासारखी वाटते, म्हणाल्या. मला त्यांचा राग आला. खरं तर स्वतःचाच.

त्या दिवाळीनंतरची गोष्ट. मी काच पुसत होतो. बाबा कधी नव्हे ते जवळ येऊन बसले. काही वेळ माझे हात बघत राहिले. मग म्हणाले, "तिचा वास तुले याद हाये का बे? मले आता आठवून नाही राह्यला. कसा होता, सांग बरं."

मी काच पुसत राहिलो. धुण्याआधी मी ते पोलकं एकदाही नाकाशी धरलं नव्हतं.