नवस नाय माझा

"नवस नाय माझा, आजी. नारळ नका ठेवू म्होरं."

"नवस नाय? मंग रबरी पाय लावून रडतोंडी चढतोस कशाला रं लेकरा? हौस म्हणून?"

"हौसच म्हना. त्यो मागं मोतीराम मास्तर येतोय डबा घेऊन. द्यायचं तर त्यात टाका. मजुरांच्या पोरांचं वसतिगृह हाय, त्याला जातं."

"म्हंजी वर्गणी व्हय!" म्हातारीनं ठेवलेला नारळ उचलून परत पिशवीत घातला. "आमी गावात दिली बाबा वर्गणी. मारुतीच्या देवळाची."

अन् ती पदर खोचून तुरुतुरु पुढं गेली.

गोटीराम विधाते दगडावर टेकला. अठ्ठ्याण्णव सालचा चैत्र, सप्तशृंगीची जत्रा अन् गडावर जाणारी ती उभी पायवाट. तिला रडतोंडी का म्हणतात ते चढणाऱ्यालाच कळतं. धडधाकट गडीसुद्धा अर्ध्यात तोंड वाकडं करतो. गोटीरामचा तर गुडघ्याखाली जिथं स्वतःचा पाय संपून जयपूरचा सुरू होत होता तिथं निखारा ठेवल्यासारखं झालं होतं. मागून मास्तर आला, डबा हलवून बघितला. वाजला नाही.

"भाऊ, नवस हाय म्हनला असता तर काय झालं असतं?"

"खोटं झालं असतं," गोटीराम म्हणाला अन् काठी टेकून उठला.

गोटीरामचा मखमलाबादच्या शिवारात फुलांचा मळा. झेंडू, शेवंती, कडेनं थोडी बिजली. पंच्याण्णवच्या दसऱ्याला माल एवढा निघाला की टेम्पोत माणसाला जागाच उरली नाही. हा गेला वर, क्रेटांवर बसून. पेठ रोडच्या वळणावर टेम्पो उलथला. झेंडूच्या ढिगाखाली माणूस आहे हे बराच वेळ कुणाच्या ध्यानातच आलं नाही. लोक फुलं गोळा करत होते. दसऱ्याचा भाव होता, कोण सोडतंय!

दवाखान्यात मालनबाईनं, त्याच्या बायकोनं, वणीच्या दिशेला तोंड करून पदर पसरला. आई, ह्यांचा पाय वाचू दे, साडीचोळी अन् नारळाचं तोरण घेऊन दोघं पायी गड चढू. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाय कापला. त्यावरून नवराबायकोत जे भांडण लागलं ते कधी मिटलंच नाही.

"जीव तर वाचला ना? नवस लागू हाय," ती म्हणायची.

"तू जीव मागितलाच नव्हता. पाय मागितला व्हता. तिनं दिला नाय, आपन देनं लागत नाय. सौदा मिटला."

"देवीसंगं सौदा करतोय मेला! फुलबाजारातला आडत्या हायेस का?"

घरी आल्यावर तो खाटेवर पडला तो पडलाच. मळा मालनबाईनं ओढला. खुडणी तिची, बाजार तिचा, अन् वर एक काम जास्तीचं: फवारणीच्या औषधाची बाटली रोज नव्या जागी लपवायची. आज भुश्यात, उद्या रांजणामागं. त्यालाही ते माहीत होतं. ती बाजारला गेली की तो खाटेवरून घसरत खाली यायचा अन् शोधायचा. एकदा सापडली. झाकण उघडेना, हातात बळच नव्हतं. मंग हसू आलं त्याला, अन् त्या दिवसापासून शोधायचं सोडलं. जगायचं ठरवलं असं काही नाही. कंटाळा आला, एवढंच.

दवाखान्यात त्याच्या वॉर्डात सुरगाण्याकडची एक पोरगी होती, रंगू. आईबाप दिंडोरीला द्राक्षाच्या छाटणीला आलेले, ही बागेवरच्या चारा कापायच्या कुट्टी मशिनीपाशी खेळत होती. उजवा हात मनगटापासून गेला. सहा वर्षांची पोर, डाव्या हातानं मोसंबं धरून दातानं सोलायची अन् फोडी गोटीरामच्या उशाला ठेवायची. एकदा तो रडत होता तेव्हा जवळ येऊन म्हणाली, "तुला त दोन हात आहांत, बाबा. मग काहून रडतोस?" त्यानं तिला हाकलून दिली होती.

तीच पोरगी दोन वर्षांनी मळ्यात आली. संगं मोतीराम भोये मास्तर. पेठ-सुरगाण्याची माणसं द्राक्षाच्या कामाला उतरली की पोरंही संगं येतात अन् शाळा बुडते. म्हणून ह्या मास्तरानं दिंडोरीच्या अलीकडं पत्र्याच्या दोन खोल्यांत वसतिगृह काढलं होतं. अनुदान नाही, काही नाही. रंगू तिथंच राहत होती. तिनं पाटीवर डाव्या हातानं "गोटीराम" लिहून दाखवलं. टी उलटी काढली होती.

"पत्रे गळत्यात, ज्वारी सपली," मास्तर म्हणाला. "शिबिरात तुमाला जयपूरचा पाय मिळाला म्हणं. भाऊ, तुमी तेवढा गड चढा. मागायचं मी बघतो. माझ्या दोन पायांवर कोन देतंय?"

"म्हंजी माझा तुटका पाय दाखवून तू भीक मागनार."

"व्हय," मास्तर म्हणाला. त्यानं आडपडदा ठेवला नाही, म्हणून गोटीराम तयार झाला. दुसरं काही कारण नव्हतं.

पहिल्या साली नाशिकच्या पेपरात फोटो आला. शहरातल्या एका मंडळानं तांदळाची पोती पाठवली, एका डॉक्टरणीनं पत्रे. वसतिगृहातली पोरं पाहुण्यांसमोर ओळीनं उभी राहून टाळ्या वाजवायची अन् पाहुणे गेले की गोटीरामचा पाय काढून घ्यायची, त्यात चिंचोके भरायची, आळीपाळीनं एका पायावर लंगडत अंगण फिरायची. "बाबा, मी गड चढलो! बाबा, मीपन!" गोटीराम आईमाईवरून शिव्या द्यायचा. पोरं खिदळायची. पण पोरं पळून जाईनाशी झाली. आधी छाटणीची टोळी निघाली की रातोरात दोन-चार गायब व्हायची, आता कुणी गळपटलं की रंगूच दरडावायची, "बाबा तुटक्या पायानं चढतो, तुला अ-आ-ई निघत नाय?"

दरसाल चैत्रात तो चढला. पण पेपरवाला तोच पाय किती वेळा छापणार? मंडळाचा अध्यक्ष बदलला, पोती बंद झाली. उरले जत्रेकरू. मालेगाव-धुळ्याकडून झेंडे घेऊन पायी येणारी खानदेशी माणसं, दिलदार, हातात आलं ते देणारी. पण देवीच्या वाटेवर देतात ते नवसाला. नवसकऱ्याच्या झोळीत टाकलं की त्यातलं पुण्य आपल्यालाही लागतं. वर्गणी मागणाऱ्यापासून मात्र माणूस अंग चोरतो. तो गावात असो की गडावर. गोटीरामला विचारलं की तो आपला एकच जप: नवस नाय माझा. हात आखडायचे.

दोन हजार तीन साल. रंगू आठवी पास होऊन नववीत जाणार होती, वसतिगृहातली एवढं शिकलेली पहिली पोर. अन् थकलेल्या भाड्यापायी खोल्यांच्या मालकानं जागा रिकामी करायला सांगितली. जागेचं भागवलं नाही तर जूनमध्ये पोरं बागेत, हे मास्तरानं रडतोंडीच्या पायथ्याशी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, पाया पडला.

"भाऊ, एक शब्द. नवस म्हना. तुमचं काय जातंय?"

गोटीरामनं मालनबाईकडं बघितलं. ती दरसाल यायची, चार पावलं मागं.

"माझ्याकडं काय बघता? मी म्हनत व्हते तवा लाज वाटली," ती म्हणाली. "आता पोटासाठी म्हना. पन म्हनायचं तर सपशेल म्हना, तोंडात पुटपुटू नका."

अर्ध्या वाटेवर एका बाईनं विचारलं, कशाचा नवस, दादा? अन् गोटीराम सपशेल म्हणाला, "पायाचा, माय. पाय गेला व्हता, देवीनं दुसरा दिला."

मंग काय झालं विचारू नका. बायांनी त्याला अडवला. तांब्यातलं पाणी त्या रबरी पायावर ओतलं, हळदकुंकू वाहिलं. कुणी लेकरू आणून पायावर घातलं. डफ वाजला. मास्तरचा डबा भरला, मंग उपरणं भरलं, मंग मालनबाईचा पदर. गोटीराम मान खाली घालून चढत होता. हळदीचं पाणी पायाच्या वाटीत शिरून आतली जखम चरचरत होती. त्याला वाटलं, बरं झालं, चरचरू दे.

त्या साली वसतिगृह तरलं. रंगू नववीत बसली.

पुढच्या चैत्रात हे परत पायथ्याशी. ओळखीचे झेंडे आले. एका पागोटेवाल्यानं गोटीरामला बघून कपाळाला आठ्या घातल्या.

"मांगला साल ते तुना नवस फिटना ना, भो? आते काय शे?"

गेल्या साली फिटलेला नवस आता परत कसा, हे पागोटेवाल्याला कळेना. मास्तरच पुढं झाला, म्हणाला, दरसालचा नवस आहे.

"दरसालना? पाय दरसाल तुटस का?"

लोक हसले. पण ते हसणं बरं होतं. त्याच्यानंतर जे झालं ते वाईट. एक बाई कुजबुजली की देवीनं ह्याचा नवस घेतलेलाच दिसत नाही, म्हणून परत परत चढतोय. नवस एकदाच फिटतो. जो फिटत नाही त्याच्यात काहीतरी खोट. बघता बघता ते वाटेनं वरपर्यंत पोचलं. गोटीराम येताना दिसला की बाया लेकरं कडेवर उचलून बाजूला सरायच्या. ज्या पायावर लेकरं घातली होती त्याची सावली चुकवायला लागल्या. "खरं सांगतो," तो म्हणाला, "नवस नव्हता. पोरांसाठी चढतोय." तेव्हा तर मागून आवाज आला, "देवीच्या दारात खोटं बोलला मेला!"

डबा रिकामा घेऊन ते उतरले.  जूनमध्ये वसतिगृहाचे पत्रे उतरवले. मोतीराम मास्तर सुरगाण्याकडं निघून गेला. पोरं बापांच्या टोळ्यांत गेली, रंगूसुद्धा. दहावी राहिली. एका हातानं क्रेट उचलता येत नाही, म्हणून तिला निम्मी मजुरी.

गोटीराम पुन्हा गड चढला नाही. पोती पाठवणाऱ्या त्या मंडळानं मधी बोलावलं होतं, प्रेरणा म्हणून भाषण द्या म्हणून. तो म्हणाला, माझ्यापायी पोरं उघड्यावर पडली, तेच सांगू का? ते परत आले नाहीत.

दोन हजार सहाच्या नवरात्रात झेंडूची खुडणी चालली होती. शेजारच्या बागेत छाटणीची टोळी उतरली होती, त्यातून एक बाई पाणी मागायला आली. कडेवर पोर, उजवी बाही मनगटावर गाठ मारलेली. मालनबाईनं आधी ओळखलं.

"रंगे! लगीन कवा झालं गं?"

"झालं." तिनं एका दमात तांब्या रिकामा केला. "बाबा, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसले व्हते. नापास झाले. गणित अन् इंग्रजी."

"मंग?"

"मंग काय, परत बसायचं मार्चात."

"अन् परत नापास झालीस तर?"

"तुमी नाय व्हय दरसाल चढायचा?"

"मी चढून काय दिवे लावले, गं?" गोटीराम एकदम वरच्या पट्टीत म्हणाला. "तुझी शाळा गेली. मास्तर गेला. मी खोटं बोललो अन् समदं बुडवलं. तेच बघून तू डोकं आपटनार हायेस का?"

रंगूनं पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. पदराचं टोक दातात धरून डाव्या हातानं खोचलं.

"शाळा तुमी नाय घालवली. आमच्यासाठी खोटं बोललेला मानूस मी तर दुसरा नाय बघितला," ती म्हणाली. मुकादमानं तिकडून हाक मारली तशी ती गेली. तांब्या बांधावरच राहिला.

गोटीराम बघत राहिला. पास होईल असं त्याला वाटलं नाही. गणित तिला कधीच जमत नव्हतं, अन् कडेवरचं पोर मार्चपर्यंत रांगायला लागणार होतं.

"बसलात काय?" मालनबाई ओरडली. "उनं वर आली की फूल मान टाकतंय. ती वरची सरी कोन खुडनार, माझा सासरा?"

त्यानं पायाचा पट्टा आवळला, टोपली ओढली अन् वरच्या सरीला लागला.