पाकिटावरची बाई

आमच्या पुंडलिकनगरातली आशाबाई मूळची करमाडची. भावकीत लगीन कुणाचंबी असो, आमटी दाट करायचं येसर भाजायला तिलाच बोलवायचे, तेबी हळदीकुंकू लावून, मानानं. गहू, डाळ, धने, मसाले, सगळं नुसत्या वासावर उतरवायची. आमटी झाली की पहिली वाटी तिच्या हातात. ती "जमली" म्हणली की मगच पंगत बसायची.

तिचा भाचा सत्यम. बहीण गेल्यावर हिनंच वाढवला. तो म्हणला, "मावशी, तुझं येसर पाकिटातून विकू. वर तुझं नाव, तुझा फोटो." बाई लई हरखली. नथ घालून फोटो काढून आली. मी म्हणलं, "आशे, हातातली कला अशी देऊ नको." तर माझ्यावरच डाफरली, "माझ्या लेकरावर संशय घेतीस व्हय?" सत्यमच्या बायकोला, प्रेरणाला, तिनं सगळं शिकवलं. कौतुकानं नथबी देऊन टाकली.

येसर हातोहात खपाय लागलं. सत्यम फोनवर सांगायचा, "सेलिंग लाइक हॉट केक्स, मावशी!" बाईनं ते इंग्रजी पाठच केलं. गिरणीत दळण टाकतानाबी ऐकवायची, "आमचं येसर हॉट केकवाणी जातंय बरं का!" मग सत्यमनं भाजायची मशीन घेतली. "आता तू आराम कर," म्हणला. येडीला ती मायाच वाटली.

परवा करमाडला तिच्या पुतणीचं लगीन होतं. भाजायला बोलावणं नाय, नुसती पत्रिका. तरी मला घेऊन गेली. सैपाकाच्या मांडवात सत्यम येसरची पाकिटं रचत होता. तिनं एक उचललं. फोटोत नथ आशाबाईची, नाक प्रेरणाचं. खाली लिहिलेलं, 'प्रेरणाचं घरगुती येसर'.

"हे काय रे सत्यम?"

"मावशी, आजकाल तरुण चेहराच चालतो. मनाला लावून घेऊ नको."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या, जिनं तुला भरवलं तिचाच घास काढलास! पण आशाबाईनं पाकीट होतं तिथं ठेवलं.

तेवढ्यात म्हातारी माणसं अडून बसली, रीत म्हणजे रीत, आशाबाईनं चाखल्याबिगर पंगत बसायची नाय. सत्यमच वाटी घेऊन पळत आला. "मावशी, तेवढं जमली म्हण ना. लोक खोळंबलेत."

आशाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिनं वाटीला हात लावला नाय.

"मला कशाला इचारतो, बाबा? पाकिटावरच्या बाईला इचार."