पवळ्याची घुंगरमाळ आणायला धुळ्याला

भडगावहून निघालो तो रिकामी पिशवी घेऊन. माझी नात वैशाली धुळ्याला चित्रं काढायचं शिकते. दिवाळीला आली आणि माझ्या पवळ्या बैलाची घुंगरमाळ न विचारता घेऊन गेली. पवळ्या गेल्यापासून ती दारामागच्या खुंटीला होती. उघडी खुंटी मला बघवेना.

चाळीसगावला धुळ्याच्या गाडीत बसलो. शेजारच्यानं विचारलं, "नाना, रिकामी पिशवी लिसन कथा चालनात?" (घेऊन कुठे निघालात?)

"भरीसन लई येसू," (भरून आणीन) म्हटलं आणि खिडकीकडे तोंड केलं. बाहेर कपाशी फुटली होती. एकाही बांधावर बैल दिसला नाही.

धुळ्याला उतरून शेवभाजी खाल्ली. आचाऱ्यानं विचारलं, "आबा, तिखट लागनी का?" मी नाही म्हटलं आणि नाक पुसत पुसत वैशालीच्या कॉलेजात पोचलो.

तिथं तिच्या खोलीत चित्र एकही नव्हतं. छताला माळ, तिच्यावर मोटर, भिंतीत यंत्राचा डोळा. माणसं आत यायची आणि कुणी न सांगता खांबासारखी उभी राहायची.

"हाई काय शे माय?" (हे काय आहे?)

"आबा, माणूस हलला की माळ गप्प. थांबला की वाजते. मग तो आणखी थांबतो. माणूस यंत्राला चालवतो, यंत्र माणसाला. याला सायबरनेटिक्स म्हणतात."

"पवळ्या गोऱ्हा होता तवा जू बघून पळायचा. उभा राहिला की मी गुळाचा खडा द्यायचो. पुढं आपणहून मान द्यायला लागला."

"तेच! वर्तनाच्या मानसशास्त्रात हेच सांगतात. इथं गूळ म्हणजे आवाज."

"मी काय गोऱ्हा शे?" म्हटलं आणि माळ काढायला निघालो.

माळ गप्प झाली. मधेच दम लागला, थांबलो. वाजली. बैलगाडी गल्लीत शिरताना वाजायची तशीच. तो आवाज ऐकून आमच्या घरची तवा चुलीवर ठेवायची. पाऊल उचललं, गप्प. थांबलो, वाजली. शेवटी माळ हाताला लागेल इतकी जवळ आली आणि माझ्यानं हलवेना.

"काढून देऊ का, आबा?" वैशालीचा आवाज बारीक झाला होता. दुसऱ्या दिवशी याच माळेवर तिची परीक्षा होती.

"ऱ्हाऊ दे. पण चिंचेनं घास. पितळ काळं पाडलंस."

परतताना भडगावची बस गाठायची म्हणून चाळीसगावच्या फलाटावरून भराभर चाललो होतो. मधेच पाय थांबले. काही वाजलं नाही. तरी जरा वेळ उभा राहिलो. गूळ संपलेला असला तरी पवळ्या असाच मान पुढं करून उभा राहायचा.