कासवाच्या गोष्टीची साक्षीदार

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. माझी फजिती मी एकदाच सांगणार आहे!

इथे परदेशात, माउंट रॉस्किलला मुलाकडे राहते मी. मुलगा-सून सकाळी गाडीत बसतात, ते दिवेलागणीला उगवतात. सातवीत शाळा सुटली माझी, पण पुढचं सगळं मी माझ्या हिमतीवर शिकले, इंग्रजीसुद्धा. उपयोग काय? बोलायला माणूस नको? दिवसभरात माझ्याशी फक्त वॉशिंग मशीन बोलतं, तेही त्याचं काम झालं की! नात इरा आठ वर्षांची. मी मराठीत विचारायचं, तिने 'येस', 'नो' म्हणून पळायचं.

तिला सुट्टी लागली तेव्हा सून म्हणाली, "आई, इराला मंगळवारी लायब्ररीत न्याल? आफ्रिकेतल्या गोष्टी सांगतात, मुलांना चांगलं वळण लागावं म्हणून."

"वळण लावायला मी मेलेय का?" असं म्हटलं खरं, पण तोवर जँडल्स, म्हणजे आपल्या सपाता, पायात सरकवल्या होत्या.

गोष्ट सांगणारी एफुआ, घानाची. उंच, ठसठशीत बाई, मांडीवर ढोलकं. पोरं खाली कार्पेटवर, मी मागे खुर्चीत. गोष्ट एका अप्पलपोट्या कासवाची. पाहुणे आले की हा जेवणाची हंडी लपवायचा.

तेवढ्यात इरा ताडकन उठली. "स्टॉप! आय वॉज देअर!" कासवाने हंडी पलंगाखाली ढकलली, ती म्हणे हिने डोळ्यांनी पाहिली!

आता सांगा, माझं डोकं फिरेल की नाही? चांगलं वळण लावायचं तिथेच धडधडीत खोटं? मीही उठले. "शी वॉज नॉट देअर! शी वॉज होम विथ मी! वरणभात खात होती!"

एफुआने ढोलक्यावर थाप मारली. "वरणभात!" पोरं ओरडली.

"अरे, मी गंमत नाही करत!"

"मी गंमत नाही करत!" चिनी, सामोअन, गोरी, सगळी एका सुरात.

"गप्प बसा!"

"गप्प बसा!" वर टाळ्या! मी जितकी चिडते तितकं ढोलकं चढतं. आणि सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? आमच्या इराचा. नात शेवटी मराठी बोलली हो, पण कशासाठी, तर मला चिडवायला!

मी धापा टाकत खुर्चीत कोसळले, तर टाळ्यांचा कडकडाट. मग एफुआने समजावलं. तिच्या गावात ऐकणाऱ्याने मध्येच गोष्ट थांबवायची, "त्या दिवशी मी तिथे होते" म्हणायचं आणि आपलं काहीतरी जोडायचं, हवं तर गाणं म्हणायचं. ते खोटं नव्हे, गोष्टीत शिरायची रीत आहे. "आंटी, तुमचं नाटक तर फारच छान झालं!"

नाटक? माझा संताप म्हणजे नाटक?

बसस्टॉपवर माझं तोंड एवढंसं झालं होतं. आता ही पोरगी मला पुन्हा आणायची नाही. म्हणजे पुन्हा मी आणि ते मशीन. शेवटी विचारलंच, "इरा, लाज वाटली का गं माझी?"

"हीप्स," ती म्हणाली. म्हणजे ढीगभर! "बट नेक्स्ट वीक पण ये, आजी. ओन्ली, ओरडू नको. यू हॅव टू से, आय वॉज देअर."

झालं! आठवडाभर मी गुपचूप तयारी केली. भांडी घासता घासता ठरवलं, कासवाच्या दारातली पाहुणी मीच. मी कडी वाजवतेय, आत माणसांचे आवाज येतायत, पण दार कुणी उघडत नाही. त्यावर चार ओळींचं गाणंही रचलं आणि न्हाणीघरात चाल लावून पाहिली.

मंगळवारी खुर्ची सोडून पोरांमध्ये मांडी ठोकली. एफुआ आली, ढोलकं मांडीवर घेतलं, "किया ओरा!" असा इथला नमस्कार केला. मी गुडघ्यांची पर्वा न करता उभी!

"स्टॉप! आय वॉज देअर!"

इराने कपाळावर हात मारला.

एफुआ हळूच म्हणाली, "आंटी, गोष्ट अजून सुरू व्हायचीय."